शिरूरची छावणी आणि संरक्षणाची किंमत

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटरवर घोड नदीच्या काठी शिरूर लागते. जुनी माणसे आजही या गावाला 'घोडनदी' म्हणतात. तिथून दक्षिणेला उतरले की भीमेच्या काठी दौंड. ऊस, रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन ही या टापूची आजची ओळख. पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंड आणि फ्रान्स या दोन महासत्तांच्या स्पर्धेचा एक धागा थेट या घोडनदीच्या काठाशी येऊन पोचला होता. त्या धाग्याला पुढे मराठी राज्याचा फास कसा बसला, हे आज पाहू.

मोठ्या सत्तांच्या सैन्याचा तळ या भागाला नवा नव्हता. दौंडजवळ, भीमेच्या पलीकडच्या काठावर, पेडगावचा बहादूरगड आहे. तिथे १६७०च्या दशकात मोगल सुभेदार बहादूरखानाने तळ ठोकला होता. १६८९ साली कैद केलेल्या संभाजी महाराजांना याच ठिकाणी औरंगजेबापुढे आणले गेले. मात्र ते सैन्य उघड शत्रूचे होते. शिरूरला आले ते सैन्य मित्र म्हणून आले, आणि तेही आपल्याच आमंत्रणावरून.

हे आमंत्रण का दिले गेले? १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. फ्रेंच आता हिंदुस्थानकडे वळतील, या धास्तीने गव्हर्नर जनरल वेलस्ली कामाला लागला. त्याच वर्षी हैदराबादच्या निजामाचे फ्रेंच कवायती सैन्य मोडण्यात आले. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला. उरल्या त्या शिंद्यांच्या कवायती पलटणी. द बॉयन याने त्या उभ्या केल्या होत्या आणि आता त्या पेरॉन या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली होत्या. मराठी दौलतीत शिरायला वेलस्ली वाट शोधत होता.

ती वाट आपणच उघडून दिली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. किमान सहा हजार तैनाती फौज पेशव्याच्या मुलखात राहणार आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश इंग्रजांना मिळणार, असे ठरले. इंग्रजांशी वैर असलेल्या देशाचा युरोपियन पेशव्याने पदरी ठेवायचा नाही, दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी परस्पर बोलणी करायची नाहीत, हीही कलमे होती. बाजीरावाची गादी वाचली. पण युद्ध आणि तह यांचा निर्णय त्याच्या हातून त्याच दिवशी गेला.

या फौजेचे मुख्य ठाणे शिरूर झाले. नकाशा समोर ठेवला तर ही निवड सहज कळते. पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांच्या मधली ही जागा. पेशव्याच्या डोळ्यांवर येणार नाही इतकी लांब, पण दोन-तीन मजलांत पुण्यात पोचता येईल इतकी जवळ. उत्तरेला शिंदे-होळकर, पूर्वेला निजाम, दोन्हीकडे इथून नजर ठेवता येई. राखण करायला आलेला पहारेकरी घराच्या उंबऱ्यावरच बसला होता.

तो कोणाचा पहारेकरी, हे १८१७ साली स्पष्ट झाले. मे महिन्यात याच फौजेने पुण्याला वेढा दिला आणि सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस मागितले. १३ जूनच्या नव्या तहाने बाजीरावाकडून आणखी ३४ लाखांचे उत्पन्न घेतले गेले. त्यातून 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' हे घोडदळ उभे राहिले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि महिना संपण्याआधीच पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले.

पुढची तारीख विचार करायला लावणारी आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन आठशेच्या आसपास माणसे आणि दोन तोफा घेऊन शिरूरहून पुण्याकडे निघाला. वसईच्या तहाला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा येथे त्याची गाठ पेशव्याच्या मोठ्या सैन्याशी पडली. दिवसभर लढाई झाली. रात्री पेशव्याची फौज पुढे निघून गेली आणि स्टाँटन शिरूरला परतला. त्याच्याबरोबरचे घोडेस्वार होते त्या 'पूना ऑक्झिलरी हॉर्स'चे. म्हणजे पेशव्याच्याच महसुलावर उभे राहिलेले स्वार पेशव्याशी लढले!

स्टाँटनच्या पायदळात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. तिथल्या विजयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्तंभाला भेट दिली. संरक्षणाचा विचार करताना ही बाजू वगळून चालणार नाही. पेशवाईने ज्यांना माणूस म्हणून वागवले नाही, त्यांच्या शौर्याला वाव परक्यांच्या सैन्यात मिळाला. घरातील भाऊबंदकी आणि गावाबाहेर ठेवलेली माणसे, हे तटबंदीला पडलेले भगदाडच असते.

३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. देश ताब्यात आल्यावर शिरूरचे महत्त्व कमी होत गेले. १८५८ साली पुण्याकडून आगगाडी दौंडच्या वाटेला लागली, तर १८७८ साली दौंड-मनमाड मार्गाने ईशान्येचा आणि आग्नेयेचा असे दोन्ही मोठे लोहमार्ग जोडले गेले. सैन्य हलवायला आता नदीकाठच्या छावणीपेक्षा जंक्शन मोलाचे ठरले. आगगाडी शिरूरला आलीच नाही.

त्या घोडदळाचे पुढे काय झाले? त्याच परंपरेतली 'पूना हॉर्स' आज भारतीय सेनेची चिलखती रेजिमेंट आहे. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते याच रेजिमेंटमध्ये लढताना. शौर्य तेव्हाही होते, आजही आहे. फरक आहे तो हुकूम कोणाचा, यात.

आजही लहान-मोठे देश बलाढ्य राष्ट्रांशी संरक्षणाचे करार करतात. त्यात गैर काही नाही, एकट्याने कोणाचेच भागत नाही. मात्र करार वाचताना किती फौज मिळणार, याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ती फौज हुकूम कोणाचा ऐकणार? आणि नको झाली तर तिला परत जा म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे उरणार का? बाजीरावाने वसईला हे दोन प्रश्न विचारले नाहीत. त्यांचे उत्तर पंधरा वर्षांनी शिरूरहून आले.