वास्तुविशारद आणि नगरनेतृत्व

यजमानाच्या फर्माइशीबरहुकूम नकाशे काढून देणे एवढाच वास्तुविशारदाचा अधिकार मानला जात असता, चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५), प्रवीणा मेहता व स्थापत्य अभियंता शिरीष पटेल यांनी, सरकारी हुकमाची वाट न पाहता, मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळविण्याची योजना १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. हे नवे शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी संस्था स्थापन होऊन कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. पुढे त्याच शहरातील बेलापूरच्या वसाहतीत त्यांनी सात-सात घरे एकेका चौकाभोवती रचली, परंतु दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, जेणेकरून रहिवाशाने ऐपतीप्रमाणे, शेजाऱ्याची हरकत न येता, खोली वाढवावी. कित्येकांनी मूळ घरे पाडून मजले चढविले. यास योजनेचे अपयश म्हणण्यापेक्षा तिची परिणती म्हणणेच अधिक न्याय्य. नकाशांपलीकडच्या याच भूमिकेतून राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षपदही कोरियांनीच भूषविले.