जस्ताची मोटार आणि चिमूटभर शिसे

काचेच्या कपाटात एक छोटी मोटार ठेवलेली आहे. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात ती तयार झाली. तिच्याशी कुणी फारसे खेळलेले नाही, त्यामुळे रंग अजून चकचकीत आहे. मालक तिच्यावर धूळही बसू देत नाही. तरीही एके दिवशी तिच्या टपावर केसासारखी बारीक भेग दिसते. पुढे भेगा वाढतात, चाके फुगतात, तळ वाकतो आणि शेवटी मोटार उचलायला जावे तर तिचा तुकडा मोडून बोटांत भुसभुशीत होऊन येतो.

जुन्या छोट्या मोटारी जमवून मांडून ठेवण्याचा छंद असणाऱ्यांना हे दुःख चांगले परिचयाचे आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत याला 'झिंक पेस्ट' म्हणतात. आपण 'जस्ताचा रोग' म्हणू. पण येथे ना जंतू आहे, ना कीड. मग जपून ठेवलेली वस्तू आपोआप का मोडते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना धातुशास्त्राच्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण उलगडते. वर्गात सांगण्याजोगे म्हणून ते आम्ही येथे देत आहोत.

रुळांवरून रस्त्यावर

फ्रँक हॉर्नबी (१८६३–१९३६) हे नाव 'मेकॅनो'मुळे अनेकांना ठाऊक असेल. भोके पाडलेल्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या साहाय्याने मुलांना क्रेन, पूल, गाड्या बांधता येतील अशा संचाचे पेटंट त्यांनी १९०१ मध्ये घेतले. १९२० पासून त्यांच्या कारखान्यातून खेळण्यातल्या आगगाड्याही निघू लागल्या. आगगाडी आली म्हणजे स्टेशन आले, फलाटावरचे हमाल आणि उतारू आले. मग स्टेशनाबाहेर मोटारी आणि ट्रक नकोत का? १९३३ च्या अखेरीस सहा वाहनांचा एक संच बाजारात आला. त्यात दोन मोटारी, एक ट्रक, एक मालवाहू व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. १९३४ मध्ये या मालिकेला 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले.

या मोटारी आगगाडीशेजारी शोभायला हव्या होत्या, म्हणून त्यांचे प्रमाण साधारणपणे आगगाडीवरूनच ठरले. त्या रेल्वेच्या 'ओ गेज' प्रकारात खऱ्या एका फुटासाठी सात मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला सातने भागले की ४३.५ येतात. आजही जगभर छोट्या मोटारींचे एक प्रचलित प्रमाण १:४३ हेच आहे. ४० नाही, ५० नाही, ४३ च का, असे विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर फूट आणि मिलिमीटर यांच्या या मिश्रणात आहे.

आता आणखी एक गणित. १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार सर्व बाजूंनी ४३ पट लहान केली तर वजन किती भरेल? लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ४३ पट कमी होतात, म्हणून वजन ४३ चा घन, म्हणजे ७९,५०७ पट कमी होते. उत्तर येते सुमारे १५ ग्रॅम. प्रत्यक्षात धातूची अशी मोटार त्याच्या काही पट जड असते. कारण खऱ्या मोटारीचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाड असतो. ४३ पट लहान केल्यास तो ०.०२३ मिलिमीटर व्हायला हवा. इतके पातळ ओतकाम जमत नाही आणि जमले तरी मुलाच्या हातात टिकणार नाही. म्हणून कारखानदाराला असा धातू हवा होता की जो साच्याच्या अरुंद फटींतही वाहत जाईल आणि गोठल्यावर पुरेसा कणखर असेल.

शिसे की जस्त?

पहिल्या मोटारी शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, साच्यात सहज जाते. पण ते मऊ आणि जड असते. बारीक खांब आणि मडगार्ड लगेच वाकतात. त्यामुळे लवकरच कारखान्याने जस्ताच्या मिश्रधातूकडे मोर्चा वळवला. जस्तात सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम घातले की मिश्रधातू ३८० ते ३९० अंशांच्या दरम्यान वितळतो. तो पोलादी साच्यात दाबाने भरता येतो. यालाच डाय-कास्टिंग म्हणतात. एका साच्यातून हजारो हुबेहूब वस्तू निघतात.

ही पद्धत केवळ खेळण्यांची नव्हती. खऱ्या मोटारींचे कार्बुरेटर, दारांच्या मुठी अशा अनेक वस्तू याच प्रकारे ओतल्या जात. त्यामुळे जस्ताचा रोग प्रथम तेथेच दिसला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर जस्ताच्या ओतीव वस्तू फुगतात, वाकतात, तडकतात अशा तक्रारी वाढल्या. जस्ताचे ओतकाम भरवशाचे नाही, अशी समजूत रूढ होऊ लागली.

१९२३ मध्ये ब्राउअर आणि पीअर्स या दोन अमेरिकन संशोधकांनी जस्त-अॅल्युमिनियम मिश्रधातूंच्या फुगण्यावर अशुद्ध द्रव्यांचा काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तू मोडायची वाट पाहायची तर वर्षे लागतात. म्हणून सुमारे ९५ अंश तापमानाच्या वाफेत नमुने दहा दिवस ठेवण्याची युक्ती वापरात आली. उष्णता आणि ओलावा यांमुळे वर्षांचे काम दिवसांत होई. दोष जस्ताचा नसून त्यातील अत्यल्प शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा आहे, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. अमेरिकेतील 'न्यू जर्सी झिंक' कंपनीने १९२९ मध्ये 'झमॅक' हा मिश्रधातू आणला. जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले आहे. इंग्लंडात यालाच 'मझॅक' म्हणत.

कणांच्या सीमेवर

वितळलेला धातू गोठतो तेव्हा एकाच वेळी अनेक ठिकाणी स्फटिक वाढू लागतात. वाढता वाढता ते एकमेकांना भिडतात. तयार धातू म्हणजे अशा असंख्य स्फटिककणांची दाटी असते. दोन कणांमधल्या सीमेला आपण कणसीमा म्हणू.

घन जस्तात शिसे जवळपास विरघळतच नाही. जस्त गोठू लागले की शिसे कणांबाहेर ढकलले जाते आणि शेवटी कणसीमांवर साचते. तेथे दोन भिन्न धातू शेजारी येतात. हवेतील ओलावा मिळाला की तेथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतात आणि कणसीमेलगतचा धातू गंजू लागतो. गंजून बनलेले संयुग मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. परिणामी कण एकमेकांपासून दूर रेटले जातात. वस्तू प्रथम फुगते, मग तडकते आणि शेवटी तिचे कण सुटे होतात. विटा शाबूत असाव्यात आणि त्यांच्यामधला चुना फुगून भिंत पडावी, तसे हे आहे.

मिश्रधातूत ०.०३ ते ०.०६ टक्के मॅग्नेशियम घातल्यास या गंजण्याला बराच आळा बसतो. पण शिसे मर्यादेपलीकडे गेले तर मॅग्नेशियमचाही इलाज चालत नाही.

शिसे आले कुठून?

निसर्गातच जस्त आणि शिसे यांची खनिजे बहुधा एकत्र सापडतात. त्यामुळे साधे जस्त शिशाविना मिळणे कठीण. सामान्य प्रतीच्या जस्तात एक टक्क्याच्या आसपासही शिसे असू शकते. लोखंडावर मुलामा चढवायला ते चालते. मिश्रधातूला चालत नाही.

शुद्ध करण्याचा एक मार्ग उत्कलनबिंदूंच्या फरकात आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते, शिसे १७४९ अंशांना. म्हणून जस्ताची वाफ करून ती थंड केली की शिसे मागे राहते. जस्ताची वाफ करून ती थंड करण्याची विद्या भारताला जुनी आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मध्ययुगात मातीच्या उलट्या मुशींतून जस्ताची वाफ खाली उतरवून गोळा करीत. त्या भट्ट्यांचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. विसाव्या शतकात हीच क्रिया उंच स्तंभांत पुन्हापुन्हा करून, तसेच विद्युत विघटनाने, ९९.९९ टक्के शुद्ध जस्त मोठ्या प्रमाणावर मिळू लागले.

मग १९२९ मध्ये उपाय सापडला असताना १९३४ नंतरच्या मोटारी का मोडल्या? कारण शुद्ध धातू विकत आणणे आणि तो शुद्ध ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिंकी मालिकेतली फलाटावरची माणसे आणि शेतातली जनावरे शिशाची असत. शिशाचा आणि जस्ताचा माल एकाच छपराखाली असला की भंगार एकमेकांत मिसळण्याचा धोका कायमचाच.

हा धोका किती मोठा, ते आकड्यांत पाहू. झमॅक मिश्रधातूत शिसे ०.००५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणजे शंभर किलोग्रॅम मिश्रधातूत फक्त पाच ग्रॅम. आता समजा, शंभर किलोच्या कढईत दहा ग्रॅमचा शिशाचा तुकडा पडला. शिशाची घनता ११.३ असल्यामुळे हा तुकडा एक घन सेंटिमीटरहूनही लहान, सोंगटीच्या फाशाएवढा असेल. तेवढ्यानेच मर्यादा दुपटीने ओलांडली. एक मोटार ५० ग्रॅमची धरली तर त्या कढईतून दोन हजार मोटारी निघतील, आणि त्या प्रत्येकीत रोगाचे बीज असेल. त्या दिवशी मोटारी छान दिसतील, डब्यात भरल्या जातील, विकल्याही जातील. चूक उघडी पडायला दहा-वीस वर्षे लागतील.

कपाटातील कसोटी

मुलाच्या हातातले खेळणे पाच वर्षांत हरवते किंवा तुटते. त्यामुळे कारखान्याला दीर्घकाळाचा विचार करण्याची गरज वाटली नसावी. मोटारी जपून मांडण्याचा छंद वाढला, तेव्हाच हा दोष सर्वांच्या नजरेस आला. एका अर्थी या छंदिष्टांची कपाटे म्हणजे कित्येक दशके चाललेला प्रयोगच. वाफेतल्या दहा दिवसांनी जे दाखवले, त्याचीच साक्ष कपाटातल्या वर्षांनी दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर धातूच्या शुद्धतेकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले आणि रोगाचे प्रमाण खूपच घटले. १९५३ मध्ये आलेल्या 'मॅचबॉक्स' मोटारीही जस्ताच्या मिश्रधातूच्याच. त्यांपैकी असंख्य आजही शाबूत आहेत. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. त्याआधीच डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले होते आणि त्यांतून 'निकी टॉइज' नावाने मोटारी निघत होत्या. मात्र रोग अगदीच इतिहासजमा झालेला नाही. जेथे हलगर्जी झाली तेथे अलीकडच्या काळातील ओतकामातही तो दिसला आहे.

रोग जडलेल्या मोटारीला औषध नाही. कोरडी हवा आणि तापमानातील कमी चढउतार यांमुळे गती मंदावते, एवढेच. दिलासा इतकाच की शेजारच्या निरोगी मोटारीला तो लागत नाही. शिशाच्या मूर्तींचे दुखणे वेगळे. ओक वृक्षाच्या लाकडातून अॅसेटिक आम्लाची किंचित वाफ सुटते. तशा लाकडाच्या बंद कपाटात शिशावर पांढरी भुकटी धरते. तेथे दोष बाहेरच्या हवेचा असल्याने कपाट बदलून उपाय करता येतो. जस्ताच्या मोटारीचे भवितव्य मात्र ती साच्यातून निघाली त्या क्षणीच ठरून गेलेले असते.

वर्गासाठी

शिसे विषारी असल्याने ते वितळवण्याचा प्रयोग शाळेत मुळीच करू नये. पण वरील दोन्ही गणिते आठवी-नववीच्या मुलांना करता येतील. झिपची सरकपट्टी, दाराची मूठ, मोडका कार्बुरेटर अशा जस्ताच्या ओतीव वस्तू गोळा करून त्यांची घनता मोजता येईल. झमॅकची घनता ६.६ च्या आसपास येते. लोखंडाची ७.९, अॅल्युमिनियमची २.७. पाण्यात बुडवून आकारमान काढले की वस्तू कशाची आहे याचा अंदाज मुले स्वतः बांधू शकतील.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे 'शुद्ध' या शब्दाची. ९९ टक्के शुद्ध म्हटले की मुलांना ते पुरेसे वाटते. परीक्षेत तर ते गुण डोक्यावरून मिरवावेत असेच. मोटारीसाठी मात्र ९९ टक्के शुद्ध जस्त निकामी ठरते. किती शुद्धता पुरेशी, हे वस्तूच्या कामावर आणि ती किती काळ टिकायला हवी यावर अवलंबून असते. आमच्या मते तडकलेली मोटार फेकून न देता तीही कपाटात ठेवावी, चांगल्या मोटारीच्या शेजारी. दोघींचा रंग एक, साचा एक, कारखाना एक. फरक आहे तो लाखातल्या काही भागांचा, आणि तो डोळ्यांना दिसावा यासाठी कित्येक वर्षे जावी लागली आहेत.