भोजनकक्षातील प्रकाशयोजना

भोजनकक्षातील प्रकाशयोजना म्हणजे जेवणाच्या जागेसाठी दिव्यांची निवड करणे आणि त्यांची जागा व उंची ठरविणे होय. ताटातील अन्न स्पष्ट दिसावे, समोरच्या व्यक्तीचा चेहरा दिसावा आणि दिवा डोळ्यांवर येऊ नये, ही तिची मुख्य उद्दिष्टे आहेत. रायगड जिल्ह्यातील पनवेलसारख्या किनारपट्टीलगतच्या शहरात दमट हवा, छताचा पंखा आणि मत्स्याहार यांमुळे या विषयाला काही स्थानिक पैलू प्राप्त झाले आहेत.

पूर्वपीठिका

कोकणातील जुन्या घरांत व वाड्यांत स्वतंत्र भोजनकक्ष नसे. जेवण स्वयंपाकघरात किंवा माजघरात पाटावर बसून होई. माजघर घराच्या मध्यभागी असल्याने तेथे उजेड कमी असे. समई, लामणदिवा आणि पुढे रॉकेलचे कंदील यांवर रात्रीचे जेवण उरकले जाई. साखळीने टांगलेला लामणदिवा हा आजच्या लटकत्या दिव्याचा पूर्वज म्हणता येईल. सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवीन पनवेलसारख्या वसाहतींतील सदनिकांत भोजनकक्ष बहुधा दिवाणखान्याचाच एक कोपरा असतो. त्यामुळे जेवणाची जागा वेगळी भासविण्याचे काम बरेचदा दिव्यावरच येते.

उंची आणि आकार

टेबलावरील लटकत्या दिव्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे ७५ ते ९० सेंमी उंच ठेवतात. टेबल ७५ सेंमी उंचीचे धरल्यास ही कड जमिनीपासून १५० ते १६५ सेंमीवर येते, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या वर राहते. शेडचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोन तृतीयांश असणे सोयीचे ठरते. सहा जणांच्या लांबट टेबलावर एका मोठ्या झुंबरापेक्षा ओळीत लावलेले दोन-तीन लहान दिवे उजेड अधिक समान पसरवितात. दिवा खोलीच्या नव्हे, तर टेबलाच्या मध्यावर असावा लागतो. टेबल भिंतीला सरकवलेले असल्यास हा फरक ठळकपणे जाणवतो.

पंख्याची अडचण

बहुतेक सदनिकांत छतातील हुक पंख्यासाठी असतो आणि दिव्याचा पॉइंट भिंतीवर काढलेला असतो. पनवेलच्या उन्हाळ्यात पंखा टाळणे शक्य नसते. पात्यांच्या वर किंवा त्यांच्या पातळीत जवळच दिवा असल्यास फिरती पाती प्रकाश कापतात व ताटावर सतत लुकलुक होते. लटकता दिवा पंख्याजवळ असल्यास तो वाऱ्याने झुलतो. अशा वेळी पंखा टेबलाच्या बाजूला घेणे, भिंतीवरचा पंखा वापरणे किंवा टेबलाच्या दोन बाजूंना भिंतीवर दिवे बसविणे हे पर्याय उरतात. भिंतीवर एकच दिवा असल्यास त्याच्याकडे पाठ करून बसणाऱ्याच्या ताटात स्वतःचीच सावली पडते.

प्रकाशाचा रंग

भोजनकक्षासाठी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश सर्वसाधारणपणे पसंत केला जातो. त्याहून महत्त्वाचा असतो रंगदर्शन निर्देशांक. तो ९० किंवा अधिक असल्यास आमटीचा, भाजीचा रंग खरा दिसतो. मंद उजेड आल्हाददायक मानला जात असला, तरी पाला यांसारख्या काटेरी माशांच्या जेवणात तो गैरसोयीचाच नव्हे तर धोक्याचाही असतो, विशेषतः मुले व वृद्ध यांच्यासाठी. वयानुसार डोळ्यांत शिरणारा प्रकाश घटत जातो. म्हणून उजेड कमी-जास्त करण्याची सोय उपयुक्त ठरते. मात्र त्यासाठी डिमरला चालणारेच एलईडी दिवे लागतात आणि पंख्याचा रेग्युलेटर त्याला पर्याय नाही.

पावसाळा आणि सुरक्षितता

पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखधारी किडे दिव्याकडे झेपावतात आणि थेट खालच्या ताटात पडतात. वर उघड्या शेडमध्ये ते साचतात. बंद व पुसण्यास सोपी शेड त्या दृष्टीने बरी. दमट हवेत साधे लोखंड गंजते. धातूच्या दिव्यास अर्थिंग आवश्यक असते, तर जड झुंबर पीओपीच्या खोट्या छताला न टांगता स्लॅबमधील हुकालाच टांगावे लागते. ९ वॅटच्या एलईडीचा भार किरकोळ असल्याने, वीज गेल्यावरही जेवण चालू राहावे यासाठी हा दिवा इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतात.