मोजपट्टी कुणाच्या हातात?

मागच्या भागात स्मरणशक्तीवर बोललो, आज तिथूनच पुढे जाऊ. तीन आकडे ऐकायचे आणि तसेच परत म्हणायचे, एवढं साधं काम १९०५च्या पॅरिसमधल्या बुद्धिचाचणीत होतं. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची ती चाचणी. हेतू काय, तर शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवायचं. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते हे बिनेला मुळीच मान्य नव्हतं. सरावाने ती वाढते, असं तो सांगायचा. १९११ साली तो गेला.

अमेरिकेत मात्र चाचणीचा नूरच पालटला. हेन्री गोडार्डने ती 'मंदबुद्धी' माणसं हुडकायला वापरली. १९१६ मध्ये लुईस टर्मनने तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचं मानसिक वय त्याच आवृत्तीवर नऊ वर्षं ठरलं. आणि १९२७ मध्ये, चक्क सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने, तिची सक्तीने नसबंदी झाली.

खटल्यात तिची तान्ही मुलगीही 'मंद' ठरवली होती बरं का! व्हिव्हियन तिचं नाव. पुढे १९३१ मध्ये शाळेच्या गुणवंतांच्या यादीत ते झळकलं.