नांदेड व लातूर जिल्हे : पोषण-संशोधनासाठी आरोग्य व लोकसंख्येची आकडेवारी

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांमधल्या लोकांचे, मुख्यतः सहा वर्षांखालील मुलांचे आणि गरोदर व स्तनदा मातांचे, पोषण समजून घेण्यासाठी उपलब्ध असलेली सार्वजनिक आकडेवारी. जनगणना, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, अंगणवाड्यांच्या नोंदी, आरोग्य खात्याचे मासिक अहवाल आणि जन्म-मृत्यू नोंदणी हे तिचे मुख्य स्रोत. आकड्यांचा तुटवडा ही इथली खरी अडचण नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या खात्याने, वेगळ्या हद्दीत, वेगळ्या वयोगटासाठी आणि वेगळ्या कामासाठी गोळा केलेला असतो, आणि तो पोषणाच्या अभ्यासात वापरताना या चार गोष्टी तपासल्याशिवाय एकाला दुसऱ्याने भागता येत नाही. बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथेच जन्माला येतात.

लोकसंख्या : २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची असल्याने तिचे गावनिहाय तक्ते हाती येईपर्यंत २०११ चाच आधार आहे. जनगणनेच्या तक्त्यांमध्ये नांदेडचा जिल्हा-संकेतांक ५११ व लातूरचा ५२४ आहे. गावांची नावे अनेकदा सारखी असतात आणि त्यांचे लेखनही तक्त्यागणिक बदलते. त्यामुळे दोन तक्ते जोडताना नावापेक्षा संकेतांकावर विसंबणे शहाणपणाचे. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या पहिल्या भागात गावातल्या सोयी (पाणी, शाळा, दवाखाना, रस्ता) मिळतात आणि दुसऱ्या भागात लोकसंख्येचा गोषवारा मिळतो. पोषणाच्या अभ्यासकाला दोन्ही लागतात, पण पहिला भाग सहसा कोणी उघडत नाही.

या गोषवाऱ्यातील ‘०–६’ हा रकाना जपून वापरावा. जनगणनेत सहा वर्षे पूर्ण झालेले पण सात पूर्ण न झालेले मूलही त्यात धरले जाते, म्हणजे रकान्यात सात वर्षांत जन्मलेली मुले असतात. अंगणवाडीचे ‘० ते ६’ म्हणजे सहा वर्षे पूर्ण होईपर्यंतची मुले, म्हणजे सहा वर्षांत जन्मलेलीच. कुटुंब आरोग्य पाहणी उंची-वजनाचे आकडे पाच वर्षांखालील मुलांचे देते. अंगणवाडीत नोंदलेल्या मुलांना जनगणनेच्या ०–६ ने भागले की सातवा हिस्सा मुले उगाचच ‘सुटलेली’ दिसतात, आणि अंगणवाडीच्या पोहोचीवर नसलेला ठपका येतो.

हद्दी : कालक्रम लावणाऱ्यासाठी या दोन जिल्ह्यांचा इतिहास त्रासदायक आहे. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून (आताचे धाराशिव) वेगळा झाला. १९८१ च्या जनगणनेत लातूर नावाचा जिल्हाच नाही, तिथले तालुके उस्मानाबादच्या पुस्तिकेतून वेचावे लागतात. त्याच्याही मागे जायचे तर १९५६ ची राज्यपुनर्रचना आडवी येते. अहमदपूर, निलंगा व उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातून आले आणि किनवट आदिलाबादमधून आले, तर नांदेडकडची मुधोळ-भैंसा आणि देगलूरकडची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. त्याआधीचे आकडे हैदराबाद संस्थानाच्या, १८८१ पासून सुरू झालेल्या जनगणनांमध्ये आहेत, पण तो ‘नांदेड जिल्हा’ आजचा नव्हे. तालुक्यांचेही तसेच. आज नांदेडमध्ये १६ व लातूरमध्ये १० तालुके आहेत, पण रेणापूर, देवणी, शिरूर अनंतपाळ आणि जळकोट हे तालुके १९९१ च्या जनगणनेत सापडणार नाहीत. दीर्घ काळाची तुलना करायचीच असेल तर गावे एकेक करून आजच्या तालुक्यात बसवणे हाच प्रामाणिक मार्ग. काम किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

कुटुंब आरोग्य पाहणी : मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणारी ही पाहणी १९९२-९३ मध्ये सुरू झाली. चौथ्या फेरीपासून (२०१५-१६) जिल्हानिहाय तथ्यपत्रके मिळू लागली, आणि पाचव्या फेरीचे (२०१९-२१) महाराष्ट्रातले काम कोविडच्या टाळेबंदीपूर्वी उरकले होते. त्याआधीच्या काळासाठी १९९८-९९ पासून झालेल्या जिल्हास्तरीय कुटुंब पाहण्या उपयोगी पडतात. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी (वयाच्या मानाने उंची कमी), २५.६ टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. चौथ्या फेरीतले आकडे ३४.४, २५.६ व ३६.० होते. म्हणजे चार वर्षांत राज्य जवळजवळ जागच्या जागी राहिले. जिल्ह्याचा आकडा या पार्श्वभूमीवरच वाचावा.

जिल्ह्याच्या तथ्यपत्रकात टक्केवारी दशांश चिन्हासह छापलेली असते आणि त्यामुळे ती आहे त्यापेक्षा नेमकी वाटते. समजा एखाद्या जिल्ह्यात २०० मुले मोजली आणि त्यांतली ३५ टक्के खुजी निघाली. नमुना पूर्णपणे यादृच्छिक मानला तरी खरे प्रमाण २८ ते ४२ च्या दरम्यान कुठेही असू शकते. प्रत्यक्षात मुले काही मोजक्या गावांतून व वस्त्यांतून निवडलेली असतात, म्हणून ही पट्टी आणखी रुंद होते. दोन फेऱ्यांमध्ये तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला की बातमी होते, पण तेवढ्यावर जिल्हा सुधारला किंवा घसरला असे म्हणता येत नाही. तथ्यपत्रकातील कंसांकडेही लक्ष हवे. कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवर बेतलेला असतो, आणि २५ पेक्षा कमी नोंदी असतील तिथे आकड्याऐवजी तारांकन असते. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराच्या ओळींत हे कंस हमखास भेटतात, आणि आहाराच्या अभ्यासकाला नेमक्या त्याच ओळी हव्या असतात. तालुक्याचा आकडा या पाहणीतून निघत नाही. तो काढून दाखवणाऱ्या तक्त्यावर विश्वास ठेवू नये.

रक्तक्षयाच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजले होते, तर २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतले होते. दोन्ही आकडे एका आलेखावर ठेवू नयेत. शिवाय दुसरी पाहणी राज्यापुरतीच बोलते, नांदेड-लातूरचे वेगळे काही सांगत नाही.

अंगणवाडीच्या नोंदी : जिल्ह्याच्या खाली, गावाच्या पातळीवर उतरणारा पोषणाचा एकमेव नियमित स्रोत म्हणजे एकात्मिक बाल विकास सेवा योजना. देशात ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविका दरमहा वजन-उंची घेते. आकडे पर्यवेक्षिकेकडे, तिथून बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि पुढे जिल्हा परिषदेकडे जातात. मार्च २०२१ पासून ही नोंद पोषण ट्रॅकर या ॲपवर होते. ग्रामीण प्रकल्प जिल्हा परिषदेकडे असतात, शहरी प्रकल्पांची व्यवस्था निराळी आहे. म्हणून जिल्हा परिषदेने दिलेला ‘जिल्ह्याचा’ आकडा नांदेड व लातूर या महापालिकांच्या शहरांतल्या मुलांना बहुधा वगळतो. वगळली जातात ती झोपडपट्टीतली मुलेही, हे विसरता कामा नये.

या नोंदींना अभ्यासक फार लवकर नाक मुरडतात. ते अन्यायाचे आहे. नोंदीत दोष आहेत, पण ते कुठे व का येतात हे कळले तर नोंद उपयोगाची ठरते. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला आडवे निजवून घेतात, मोठ्या मुलाची उंची उभे करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सरासरी ०.७ सेंमीचा फरक पडतो, आणि रडणारे, पाय आखडणारे बाळ एकटीने मोजताना तो वाढतो. जन्मतारखेऐवजी अंदाजे वय लिहिले की खुजेपणाचा हिशेब कोलमडतो. लुकडेपणाला वय लागत नाही, म्हणून तिथे तो दोष शिरत नाही. दंडघेराची पट्टी (११.५ सेंमीखाली तीव्र, ११.५ ते १२.५ मध्यम कुपोषण) सोपी आहे, पण तिने निवडलेली आणि उंचीच्या तुलनेत वजनाने निवडलेली मुले तीच नसतात. जुन्या अहवालांतल्या श्रेणी ३ व ४ या वयाच्या मानाने वजनावर होत्या. त्यांना आजच्या तीव्र कुपोषणाच्या संख्येशी जोडून उतरता आलेख काढणे सरळ चूक आहे.

ट्रॅकर आणि पाहणी यांचे आकडे जुळत नाहीत, हेही माहीत असावे. देशपातळीवर पाचव्या फेरीत लुकडेपणा १९.३ टक्के होता. ट्रॅकरवर तो पाच-सहा टक्क्यांच्या आसपास दाखवला गेला. एक आकडा घरोघरी निवडलेल्या नमुन्याचा, दुसरा अंगणवाडीत आलेल्या आणि मोजल्या गेलेल्या मुलांचा. कोणता खरा हा वाद घालण्यापेक्षा नोंदलेल्या मुलांपैकी त्या महिन्यात किती मोजली गेली हा रकाना आधी पाहावा.

खरे वजन नोंदवण्याचा आग्रह मराठवाड्याला परका नाही. २००२ च्या सुमारास औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी विभागात बालकुपोषणाविरुद्ध उपक्रम हाती घेतला, आणि त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादला उभे राहिले. राज्याच्या पोषण-धोरणातला हा मोठा टप्पा या विभागातून निघाला.

आरोग्य खाते व जन्मनोंदणी : आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत प्रत्येक आरोग्य संस्थेचे मासिक आकडे असतात. त्यांत वजन घेतलेली नवजात बालके, त्यांपैकी २.५ किलोपेक्षा कमी वजनाची, हिमोग्लोबिन ११ व ७ च्या खाली असलेल्या गरोदर माता अशा ओळी आहेत. वजन ठोकळ आकड्यात लिहायची सवय असली की अनेक बाळे बरोबर २.५ किलोवर येऊन थांबतात आणि ‘कमी वजन’ या गटातून सुटतात. मूळ नोंदवही पाहायला मिळाली तर २.४, २.५ आणि २.६ वरच्या बाळांची संख्या शेजारी मांडून बघावी. ढिगारा लगेच दिसतो.

जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे होते. पहिलटकरीण माहेरी जाते, म्हणून मुखेडच्या सुनेचे बाळ उदगीरच्या नोंदीत चढते. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात हिंगोली, परभणी आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. शहरातले जन्म-मृत्यू शहराच्या लोकसंख्येने भागून दर काढणे त्यामुळे निरर्थक ठरते. बालमृत्युदराचा विश्वासार्ह आकडा नमुना नोंदणी पद्धतीतून मिळतो, पण तो राज्याचा असतो, जिल्ह्याचा नाही.

खाणे : लोक काय खातात, यावर जिल्ह्याची माहिती सर्वांत तोकडी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंब-उपभोग खर्चाच्या फेऱ्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून एक प्रदेश आहे, आणि अभ्यासकाने तिथेच थांबावे. घटकमूल्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची ५२८ खाद्यपदार्थांची कोष्टके आहेत. दख्खनच्या ज्वारीशी या संस्थेचे जुने नाते आहे. ज्वारी खाणाऱ्यांमधला पेलाग्रा हा कुपोषणजन्य आजार आणि ज्वारीतले ल्युसीन हे अमिनो आम्ल यांचा संबंध तिथल्याच सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडला.

जिल्ह्याच्या सरासरीत बुडणारे : नांदेडच्या सरासरीत किनवट-माहूरचा डोंगराळ भाग दिसत नाही. तिथे गोंड, आंध आणि कोलाम राहतात, आणि कोलाम हा विशेष असुरक्षित आदिवासी गट आहे. त्यांच्यासाठी किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या नोंदी, अंगणवाडीची गावनिहाय आकडेवारी आणि जनगणनेतील अनुसूचित जमातीचे गावनिहाय रकाने एकत्र वाचावे लागतात. दुसरा गट ऊसतोड कुटुंबांचा. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या बालाघाटच्या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे माणसे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत गावात मोजणी केली तर फडावर गेलेली मुले निसटतात, आणि मोजणीत मागे राहिलेल्यांचे पोषण तेवढे सुधारलेले दिसते. मोजणीचा महिना लिहिल्याशिवाय इथला कोणताही आकडा पूर्ण नाही.

कुठे मिळते : अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ ही सुरुवातीची चांगली जागा. त्यात तालुकानिहाय तक्ते असतात, आणि तक्त्याखाली कोणत्या कार्यालयाने आकडा दिला तेही असते. मग त्याच कार्यालयात जाऊन मूळ नोंद मागावी. कुटुंब आरोग्य पाहणीच्या व्यक्तिनिहाय, नावे काढलेल्या फाइली संशोधनाचा हेतू नोंदवून मिळवता येतात. प्रकाशित न झालेल्या प्रकल्पनिहाय मासिक अहवालांसाठी जिल्हा परिषदेच्या महिला व बाल विकास विभागाकडे अर्ज करावा. उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा, त्याला तीस दिवसांची मुदत लागू होते. अर्जात ‘कुपोषणाची माहिती’ असे मोघम लिहू नये. महिना, प्रकल्प, नोंदलेली मुले, मोजलेली मुले, तीव्र व मध्यम कुपोषित मुले असे रकाने आखून द्यावेत. मुलांची आणि मातांची नावे मात्र मागू नयेत, आणि कोणी दिली तरी उतरवून घेऊ नयेत.