प्रयोगशाळेची किल्ली कुणाच्या खिशात?

विज्ञानाचा इतिहास आपण बहुतेक वेळा शोधांच्या अंगाने वाचतो. अमक्याने तमुक शोध लावला, त्याला अमुक साली नोबेल मिळालं, झालं. मला मात्र हल्ली दुसराच इतिहास जास्त महत्त्वाचा वाटायला लागलाय. यंत्र कुणाला वापरायला मिळालं, टेबल कुणाला मिळालं, पैसा कुठल्या विभागाकडे वळला आणि हे सगळं कोण ठरवत होतं? आज त्याच इतिहासातलं एक प्रकरण सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात कोलकात्यात. 1907 साली चंद्रशेखर वेंकट रामन नावाचा अठरा वर्षांचा तरुण सरकारी अर्थखात्यात नोकरीला लागून तिथे आला. दिवसभर हिशेबाचं काम, पण जीव भौतिकशास्त्रात. बहूबाजार रस्त्यावर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून ती उभी केली होती. इमारत होती, थोडीफार उपकरणं होती, संशोधन करायला माणूस मात्र नव्हता. रामन तिथे गेले, विचारलं, आणि महेंद्रलालांचे चिरंजीव अमृतलाल यांनी त्यांना प्रयोगशाळा मोकळी करून दिली. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर, अशी दहा वर्षं रामन तिथे राबले. आशुतोष डे हे तिथले सहायक त्यांच्यासाठी दार उघडायचे आणि प्रयोगात हातही लावायचे. ज्या कामाला 1930 साली नोबेल मिळालं, ते काम 1928 मध्ये याच संस्थेत झालं.

म्हणजे बघा, लोकवर्गणीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा एका बाहेरच्या, पदवीपलीकडे ओळख नसलेल्या पोरासाठी उघडली गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बंगळूर. जमशेटजी टाटांनी संशोधन संस्थेसाठी स्वतःच्या संपत्तीतले 30 लाख रुपये देऊ केले होते, आणि ते मुख्यतः मुंबईतल्या मालमत्तांच्या रूपात. म्हैसूर संस्थानाने 371 एकर जमीन दिली, हिंदुस्थान सरकारने वार्षिक अनुदान दिलं. 1909 मध्ये भारतीय विज्ञान संस्था कागदोपत्री जन्माला आली. जुनी माणसं तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. मुंबईच्या घरांचं भाडं बंगळूरच्या भट्ट्यांना आणि काचनळ्यांना पुरवणारी ही संस्था. पहिली चोवीस वर्षं तिचे संचालक इंग्रजच होते. 1933 मध्ये रामन पहिले भारतीय संचालक झाले. देशाला अभिमान वाटावा असाच तो क्षण होता.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास झालेली एक मुलगी तिथे अर्ज करते. कमला भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात ठरलेलंच होतं की कमला पुढे तिथेच जाणार. रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, मुलगी आहे.

कमलाताई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठलं, कारण लेखी मागितलं, सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष उमेदवारी, काम पसंत पडलं तरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, वेळप्रसंगी रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं ‘वातावरण’ बिघडवायचं नाही. मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे होते, पण शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षाने रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. तरी ते वर्षभराचं अपमानास्पद जगणं त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या, जाहीरपणे बोलून दाखवत.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पण त्याच संस्थेत, त्याच संचालकांच्या काळात दुसरं भांडणही चालू होतं. ते फार कुणी सांगत नाही. ते भांडण पैशाचं होतं.

रामन आले तेव्हा संस्थेत रसायन, जीवरसायन आणि विद्युत तंत्रशास्त्राचे विभाग होते. भौतिकशास्त्राचा विभागच नव्हता. तो रामन यांनी 1933 मध्ये सुरू केला. आता नवा विभाग म्हटला की खोल्या हव्यात, यंत्रं हवीत, कार्यशाळा हवी, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या हव्यात. उत्पन्न तर ठरलेलं. एका ताटात वाढायचं तर दुसऱ्या ताटातलं काढावंच लागतं. जुन्या विभागांचा आक्षेप हाच होता की आमचा निधी कापून भौतिकशास्त्राकडे वळवला जातोय, आणि हे ठरवणारा माणूस संचालकही आहे आणि त्या विभागाचा प्रमुखही.

रामन यांची बाजूही ऐकली पाहिजे. शून्यातून विभाग उभा करायचा तर सुरुवातीला खर्च जास्त होणारच. आणि तो पैसा वाया गेला असंही नाही. त्याच काळात त्यांनी आणि नागेंद्रनाथ या विद्यार्थ्याने ध्वनिलहरींमधून जाणाऱ्या प्रकाशाचा जो सिद्धांत मांडला, तो आजही रामन-नाथ सिद्धांत म्हणून शिकवला जातो. हिटलरमुळे देश सोडावा लागलेल्या मॅक्स बॉर्न यांना त्यांनी 1935-36 मध्ये बंगळूरला आणलं, कायम ठेवायचाही प्रयत्न केला. तो प्रयत्न हाणून पाडणाऱ्यांमध्ये संस्थेतलेच इंग्रज प्राध्यापक होते. पहिला भारतीय संचालक डोळ्यात सलणं, हा भाग त्या विरोधात अजिबात नव्हता असं कोण म्हणेल?

तरी मुद्दा शिल्लक राहतोच. विरोधकांचे हेतू गढूळ होते म्हणून त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. वाटणी करणाऱ्याने स्वतःचं ताट स्वतःच वाढून घ्यावं का? 1936 मध्ये सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. शांतिस्वरूप भटनागर तिचे एक सदस्य होते. अहवाल रामन यांच्या कारभारावर टीका करणारा निघाला. 1937 मध्ये त्यांनी संचालकपद सोडलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मात्र ते 1948 पर्यंत तिथेच राहिले.

मला यात राहून राहून एक गोष्ट दिसते. कोलकात्यात ज्या माणसाला दुसऱ्याची प्रयोगशाळा मागताक्षणी मिळाली, त्याच माणसाकडे किल्ली आल्यावर एका मुलीला दाराशी थांबावं लागलं आणि शेजारच्या विभागांना हिशेब मागावा लागला. रामन वाईट माणूस होते असा याचा अर्थ मी काढत नाही. विज्ञानावर त्यांचं प्रेम अस्सल होतं. पण आपलं काम सर्वात महत्त्वाचं आहे असं प्रत्येक चांगल्या शास्त्रज्ञाला वाटतंच, वाटायलाच हवं. म्हणूनच वाटप एकट्याच्या हातात नको.

आता तेच 1937 साल, पण जागा केंब्रिज. कमलाताई शिष्यवृत्ती घेऊन तिथे पोचल्या. नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करायचं होतं, पण जागा भरलेल्या. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या तरुण संशोधकाने सांगितलं, माझं टेबल दिवसा तुम्ही वापरा, मी रात्री काम करीन. बंगळूरला रात्रीचं काम कमलाताईंवर अट म्हणून लादलं होतं, इथे दुसऱ्याने ते आपणहून स्वतःकडे घेतलं. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशीतलं सायटोक्रोम सी सापडलं. चौदा महिन्यांत, चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळाली. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पुढे त्यांनी नीरेवर जे काम केलं, त्याची मुळं अशी कुणीतरी वाटून घेतलेल्या टेबलाशी जातात.

रिक्टरना सलाम. पण खरं सांगू का, ही गोष्टसुद्धा मला पुरेशी वाटत नाही. रिक्टर भेटले नसते तर? अमृतलाल सरकारांनी दारातूनच परत पाठवलं असतं तर? एखाद्याचं अख्खं आयुष्य समोरच्याच्या मनाच्या मोठेपणावर टांगून ठेवायचं हा काही कारभार झाला नाही.

आपल्याकडे यावर इलाज झालेलेच नाहीत असं नाही. 1970 च्या दशकात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महागड्या यंत्रांची प्रादेशिक केंद्रं काढली, त्यातलं एक आयआयटी मुंबईत आहे. तुम्ही कुठल्याही कॉलेजचे असा, सॅम्पल पाठवायचं, ठरलेली फी भरायची, निष्कर्ष घ्यायचा. जानेवारी 2020 मध्ये ‘आय-स्टेम’ हे पोर्टल सुरू झालं. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रं कुठे आहेत ते त्यावर दिसतं आणि वेळ आरक्षित करता येते. गंमत म्हणजे ते बंगळूरच्या याच भारतीय विज्ञान संस्थेतून चालतं.

पण पोर्टल दिल्ली-बंगळूरचं, कपाट गावातलं. मी स्वतः काही वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. ग्रँटमधून आलेलं यंत्र हेडच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या कव्हरखाली असायचं आणि शेजारच्या विभागाची मुलं तेच सॅम्पल एसटीने दुसऱ्या शहरात नेऊन, पदरचे पैसे भरून तपासून आणायची. लॉगबुक होतं, फक्त इन्स्पेक्शनच्या आठवड्यात भरलं जायचं. तुमच्यापैकी ज्यांनी एम.एस्सी., पीएच.डी. केली आहे, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही, आणि तेच वाईट आहे.

म्हणून आपल्या भागातल्या कॉलेजांना, विद्यापीठांना चार साधे प्रश्न विचारूया. यंत्रांची यादी नोटीस बोर्डावर आहे का? कुणी किती तास वापरलं याचं लॉगबुक कुणालाही बघता येतं का? दुरुस्तीचा आणि एएमसीचा पैसा कुठून येतो, की तो नाही म्हणूनच यंत्र झाकून ठेवलंय? आणि एखाद्या मुलीला किंवा मुलाला वेळ नाकारली तर तक्रार कुणाकडे करायची, त्याच हेडकडे, की तिसऱ्या कुणाकडे? अनुदानित संस्था असेल तर माहितीच्या अधिकारात हे विचारता येतं. ज्यांची मुलं आज तिथे शिकतायत, त्यांनी तर विचारलंच पाहिजे.

बहूबाजारच्या प्रयोगशाळेला लोकांनी वर्गणी दिली होती. आज आपण कर भरतो, म्हणजे वर्गणी अजून चालूच आहे. तुमच्या कॉलेजात काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. नावं घेऊ नका, पद्धत सांगा. आणि कुठे चांगली वाटणी चालत असेल तर ती आधी सांगा, बाकीच्यांना उचलता येईल.