उन्माद आवरणारे मीठ

काही आठवडे माणूस बेफाम उत्साहात असतो. तो रात्ररात्र जागतो, अखंड बोलतो, हातचा पैसा उधळतो, अफाट योजना आखतो. पुढे तोच माणूस महिनोन्महिने खिन्नतेने अंथरूण धरतो. मधल्या काळात मात्र तो तुमच्या आमच्यासारखाच शहाणा व कर्तबगार असतो. या आजारास पूर्वी उन्माद-अवसाद म्हणत; आज द्विध्रुवी विकार किंवा बायपोलर म्हणतात. तो बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षणाच्या वयात, प्रथम डोके वर काढतो. म्हणून शिक्षणकार्य करणाऱ्या मंडळींनी त्याचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

या इतिहासात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. आलेला उन्माद औषधाने शांत करता येतो काय, हा पहिला. माणूस बरा असताना औषध घेत राहिल्याने पुढचा उन्माद टळतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. दुसऱ्याच्या उत्तरासाठी मात्र जगभरच्या वैद्यकास बराच वाद घालावा लागला.

आपल्या प्रांतात एकोणिसाव्या शतकात औषध नव्हते, केवळ कोंडवाडे होते असे म्हटले तरी चालेल. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला येरवडा आले. तेथे पुढे अडीच हजारांवर खाटा मंजूर झाल्या. १९१२ चा कायदाही मुख्यतः रुग्णास ताब्यात ठेवण्याचा होता. मुळशी तालुक्यातील मालेसारख्या डोंगरकडेच्या गावातून एखाद्याला येरवड्यास पोहोचविले की गावाच्या लेखी विषय संपत असे. बरे करून परत आणण्याचे साधन त्या काळच्या डॉक्टरांच्याही हाती नव्हते.

वनस्पती मात्र होती. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात वेडावर व निद्रानाशावर फार पूर्वीपासून दिली जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर शास्त्रीय लेख लिहिला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी त्या मुळीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यास ‘अजमलीन’ असे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेचा गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. त्याबद्दल १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी या मुळीतून रेसरपिन काढले आणि काही वर्षे ते जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरात होते. उन्माद त्याने शांत होई. परंतु काही रुग्ण त्याने खिन्न होतात अशी तक्रार वाढत गेली, आणि नवी औषधे येताच ते मागे पडले. दुसरा प्रश्न होता तसाच राहिला.

त्याचे उत्तर आले ते एका साध्या क्षारातून. लिथियम हा धातू १८१७ मध्ये स्वीडनमध्ये सापडला. डॉ. जॉन केड हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांचे कैदी होते. युद्धानंतर मेलबर्नजवळच्या एका लहान रुग्णालयात प्रयोग करीत असता लिथियम टोचलेले गिनीपिग शांत पडून राहतात असे त्यांना दिसले. १९४८ च्या मार्चमध्ये त्यांनी पाच वर्षे उन्मादात असलेल्या एका रुग्णास लिथियम सुरू केले. जुलैत तो घरी गेला. घरी गेल्यावर त्याने औषध सोडले आणि जानेवारी १९४९ मध्ये तो पुन्हा रुग्णालयात दाखल झाला. १९४९ मध्ये केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तो पहिला रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने दगावला. या औषधाचे दोन्ही गुणधर्म अशा रीतीने पहिल्याच माणसात दिसून आले.

त्याच १९४९ साली अमेरिकेत हृदयरोग्यांना साध्या मिठाऐवजी लिथियमचे मीठ खाण्यास दिले गेले, त्यातून मृत्यू घडले आणि तेथे त्यावर बंदी आली. तथापि रक्तातील लिथियमचे प्रमाण मोजण्याची सोय पुढील काही वर्षांत झाली आणि औषधाचा धोका हिशेबात आला.

दुसऱ्या प्रश्नाला खरा हात घातला तो डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य येई आणि लिथियमने ते थांबले होते. पॉल ख्रिस्तियन बास्ट्रुप यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये ८८ स्त्रियांची अनेक वर्षांची नोंद मांडली : औषधापूर्वी झटके वारंवार, औषधानंतर क्वचित. यावर १९६८ मध्ये लंडनच्या मायकेल शेफर्ड व बॅरी ब्लॅकवेल यांनी कडाडून टीका केली. तुलनेचा गट कोठे आहे? झटके आपोआपही विरळ होत असतील! शेफर्ड यांच्या मते हा भाबडा विश्वास होता. टीका कडवट होती, पण प्रश्न रास्त होता.

उत्तर १९७० मध्ये दिले गेले. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांपैकी ४५ जणींचे औषध चालू ठेवले आणि ३९ जणींना हुबेहूब तशीच निरुपयोगी गोळी दिली. कोणास काय मिळते हे रुग्णांना ठाऊक नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. पाच महिन्यांत दुसऱ्या गटातील २१ जणी पुन्हा आजारी पडल्या. पहिल्या गटातील एकही नाही. अमेरिकेने त्याच वर्षी उन्मादावर लिथियमला परवानगी दिली आणि १९७४ मध्ये प्रतिबंधासाठीही. आपल्या देशात मदुराईचे डॉ. ए. वेंकोबा राव यांनी लिथियम घेणाऱ्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

यावरही एक आक्षेप घेतला गेला. चालू औषध एकदम तोडल्यानेच झटका येत असेल, तर वरील आकडे औषधाचा गुण वाढवून दाखवितात. हे अंशतः खरे ठरले. लिथियम एकाएकी बंद केल्यास उन्मादाचा धोका वाढतो. म्हणून नंतरच्या चाचण्या अधिक काळजीने झाल्या. २००४ मध्ये अशा पाच चाचण्यांतील ७७० रुग्णांचा एकत्र हिशेब केला गेला. निरुपयोगी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे २४ जणांना उन्माद पुन्हा आला, लिथियम घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ जणांना. नैराश्य टाळण्याचा गुण याहून कमी आढळला. २०१० मध्ये ३३० रुग्णांच्या चाचणीत लिथियम हे व्हॅल्प्रोएटपेक्षा सरस ठरले. सारांश, औषध उन्माद टाळते काय, याचे प्रामाणिक उत्तर असे : पुष्कळांचा टाळते, सर्वांचा नाही, आणि घेत राहिले तरच टाळते.

हे ‘घेत राहणे’ आपल्याकडे कठीण जाते. बरे वाटू लागले की गोळी कशाला, असे घरचेच म्हणतात. लग्न ठरले की डबी लपविली जाते, मग बंद होते. आणि लग्नघरची जागरणे उन्मादाला आयते निमित्त देतात. पुढे दोष सुनेला किंवा जावयाला लागतो. येथे हकनाक संसार मोडतात.

औषधाचे नियमही कडक आहेत. रक्तातील प्रमाण साधारणतः ०.६ ते ०.८ मिलिमोल दर लिटर ठेवावे लागते; ते दीडच्या वर गेले की विषबाधेची भीती. मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही नियमाने तपासणी लागते. उन्हात घाम गळाला, जुलाब झाले, मीठ एकदम कमी केले, तर प्रमाण चढते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही ते चढते. हातांचा मोठा कंप, उलट्या, झोकांड्या ही विषबाधेची लक्षणे होत. तेव्हा लगेच रुग्णालय गाठावे. व्हॅल्प्रोएट गर्भास घातक असल्याने तरुण मुलींच्या पालकांनी डॉक्टरांस त्याबद्दल आवर्जून विचारावे.

रोज्यांचा प्रश्न याच संदर्भात येतो. पेशावरच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देखरेखीखाली रोजे ठेवलेल्या ६२ स्थिर रुग्णांच्या रक्तातील लिथियममध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु ते रुग्ण स्थिर होते आणि त्यांचे रक्त तपासले जात होते. सबब रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मनाने गोळीची वेळ बदलू नये. डॉक्टरांनी नको म्हटल्यास आजाऱ्यास शरीयतने सवलत दिलेलीच आहे; ती घेण्यात कमीपणा नाही.

१९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांचा हेतू उपचार तालुक्यापर्यंत नेण्याचा आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क मानला. मालेच्या तरुणास आता येरवड्याच्या भिंतीआड आयुष्य काढण्याचे कारण नाही. त्याला दरमहा गोळ्या, ठराविक काळाने रक्ततपासणी आणि पुरेशी झोप हवी. आणि वर्गात किंवा घरात कोणी एकाएकी झोपेवाचून अफाट बोलू लागला, तर त्यास मार किंवा टोमणे न देता डॉक्टरकडे नेणारे एक माणूस हवे. ते माणूस शिक्षकांतून व पालकांतून तयार व्हावे, एवढीच अपेक्षा.